आजीच्या खुर्चीला ऑक्सिजन जोडताना

नागपूर

चि. सायली,

तू पाठवलेले फोटो आणि वहीतलं स्केच पाहिलं. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीनं मापं घालून इतकं स्वच्छ चित्र काढलंय, बरं वाटलं. पण सिलिंडर तू जिथे दाखवला आहेस तिथे तो लावायचा नाही. खुर्चीच्या मागच्या दोन हँडलांना पट्ट्यानं टांगलेला बी टाईप सिलिंडर धोक्याचा आहे. इस्पितळाच्या वर्कशॉपमध्ये माझी सगळी नोकरी गेली. ही मांडणी तिथे मी कुणाला करू दिली नसती, तुलाही करू देणार नाही. कारण मात्र नीट समजून घे.

व्हीलचेअरचं मागचं मोठं चाक हा तिचा टेकू. बसलेल्या माणसाचं वजन त्या टेकूच्या जरा पुढे पडतं, म्हणून खुर्ची स्थिर राहते. हँडलं टेकूच्या मागे आहेत आणि जमिनीपासून चांगली उंच आहेत. तिथे पंधरा किलोच्या घरातला लोखंडी सिलिंडर टांगलास, तरी वहिनी, म्हणजे तुझी आजी, बसलेल्या असताना सपाट रस्त्यावर कदाचित काही होणार नाही. चढावर पुढची चाकं हलकी होतील. खरा घात त्या उठतील तेव्हा होईल. पुढचं वजन एकदम निघून जाईल आणि खुर्ची मागच्या मागे कोसळेल. रेग्युलेटर आणि व्हॉल्व्ह फरशीवर आपटतील, नाकातली नळी ओढली जाईल आणि वहिनींचाही तोल जाईल. भरलेल्या सिलिंडरमध्ये दीडशेच्या आसपास बारचा दाब असतो. व्हॉल्व्ह मानेपासून तुटला तर तो सुटलेला सिलिंडर भिंतीलाही जुमानत नाही.

तेव्हा पहिला प्रश्न, बी टाईप हवाच कशाला? हिशेब सोपा आहे. सिलिंडरची पाण्याची क्षमता लिटरमध्ये घ्यायची आणि दाबानं गुणायची. बी टाईपमध्ये दहा लिटर पाणी मावतं, म्हणजे गॅस सुमारे १५०० लिटर. मिनिटाला दोन लिटरच्या हिशेबानं तो साडेबारा तास पुरतो. वहिनींना गणपतीच्या देवळापर्यंत जायचंय, थोडा वेळ कृष्णेच्या घाटाकडे बसायचंय. त्यासाठी साडेबारा तासांचं ओझं कशाला वाहायचं? १.७ लिटरचा ॲल्युमिनियमचा छोटा सिलिंडर मिळतो, रेग्युलेटरसह तीनेक किलोचा. त्यात २५५ लिटर. तळाचा ३० बार दाब राखीव धरलास तर २०४ लिटर हाताशी राहतात, म्हणजे सुमारे एक तास चाळीस मिनिटं. बी टाईप घरी कोपऱ्यात साखळीनं बांधून उभा ठेव. वीज गेली आणि घरचा कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र, बंद पडला की तोच कामी येतो.

‘एवढ्या वेळापुरती नळी काढून ठेवली तर काय बिघडतं?’ असं तुझ्या बाबांनी विचारलं, असं तू लिहिलंस. पुष्कळ घरांत हेच होतं. यंत्र घरी राहतं आणि माणूस बाहेर पडताना नळी खुंटीला अडकवून जातो. वहिनींना आहे तो सीओपीडी म्हणजे फुफ्फुसांचा जुनाट विकार. त्याच्या ज्या रुग्णांच्या रक्तात ऑक्सिजन फार कमी असतो, त्यांच्यावरचे दोन मोठे अभ्यास १९८० साली अमेरिकेत आणि १९८१ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाले. ब्रिटनमध्ये दिवसातले किमान पंधरा तास ऑक्सिजन घेणारे, न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगले. अमेरिकेत फक्त रात्री घेणाऱ्यांपेक्षा दिवसरात्र घ्यायला सांगितलेले रुग्ण जास्त जगले, आणि त्यांना सोबत नेण्याजोगी साधनं दिलेली होती. शिवाय चालताना, हालचाल करताना शरीराला ऑक्सिजन जास्त लागतो. वहिनींनी उमेदीची वर्षं चुलीच्या धुरात काढली. आता घराबाहेर पडण्यासाठी त्यांनी नळी काढून ठेवायची, हे मला मान्य नाही.

आता जोडणीकडे ये. सिलिंडरचं वजन खालच्या वाटीनं पेलायचं, वरच्या पट्ट्यानं फक्त आधार द्यायचा. तीन मिलिमीटर जाडीच्या पट्टीची वाटी कर. तळाला पाणी जायला भोक ठेव आणि आतून सायकलच्या ट्यूबचा स्वच्छ तुकडा लाव. ती मागच्या उभ्या पाइपाला यू-क्लॅम्पनं बसव, आसाच्या जितकी जवळ आणि जितकी खाली बसेल तितकी. जमिनीपासून चार-पाच इंच मोकळे राहिले पाहिजेत, नाहीतर स्पीडब्रेकरवर आणि देवळाच्या उंबरठ्यावर ती घासेल. पाइपाला भोक पाडू नकोस, या खुर्च्यांचे पाइप पातळ असतात. मागे खाली पायानं दाबायचा जो छोटा पाइप बाहेर आलेला असतो, तो मोकळाच ठेव. ढकलणारा माणूस त्याच्यावर पाय देऊन पुढची चाकं उचलतो. मागे न उलटण्यासाठीची छोटी चाकं मिळतात, ती मात्र अवश्य लाव.

खुर्चीची घडी होते की नाही तेही बघ. सीटखालची ती फुलीसारखी कैची हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज यांच्या १९३३ सालच्या खुर्चीपासून रुळली. एव्हरेस्ट खाण अभियंता होता, खाणीतल्या अपघातात त्याचा कणा मोडला होता. मोटारीत मावणारी खुर्ची त्याला स्वतःलाच हवी होती. रोज जो खुर्चीत बसणार, त्याची अडचण या कामात सगळ्यात आधी धरायची असते. तुझ्या स्केचमध्ये सिलिंडर, क्लॅम्प, नळी सगळं आहे, पण वहिनींना काय हवं ते कुठेच दिसत नाही. त्यांचा कुठला हात चांगला चालतो? त्या कुठल्या बाजूनं उतरतात? मान कुठवर वळते? हे आधी विचारून ये. सिलिंडर उजवीकडे की डावीकडे, हे त्यावर ठरेल.

फ्लोमीटरबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, आणि अडचण तिथेच येते. बी टाईपवर जो काचेच्या नळीतल्या गोळीचा फ्लोमीटर असतो, तो सरळ उभा असेल तेव्हाच खरं माप दाखवतो. खुर्ची मागे कलली की गोळी खोटं बोलते. त्याखालची पाण्याची बाटली कलली तर पाणी नळीत शिरतं. फिरत्या खुर्चीसाठी कट्‌कट् वाजत एकेका आकड्यावर थांबणारा रेग्युलेटर घे, तो आडवातिडवा कसाही असला तरी चालतो. दोन लिटरच्या प्रवाहाला बाहेर जाताना पाण्याची बाटली बहुधा लागत नाही, पण हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकून घे. आकडा किती ठेवायचा तेही तेच ठरवतील. सीओपीडीत जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त आराम, असं नसतं. पुष्कळांच्या बाबतीत बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा ८८ ते ९२ च्या दरम्यान राखतात, कारण ऑक्सिजन अति झाला तर अंगात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. दम लागला म्हणून कुणीही उठून बटण फिरवायचं नाही.

नळी पाठीच्या पाइपालगत वर ने आणि खांद्यावरून पुढे आण, चाकाच्या बाजूनं मुळीच नको. तारांमध्ये अडकली तर आधी नाक ओढलं जाईल. कापडी फितीचे सैल फास पुरेत, प्लास्टिकच्या घट्ट टायनं नळी चिमटली जाते. पदरही चाकात जातो, तेव्हा आर्मरेस्टखाली दोन्ही बाजूंना पत्रा किंवा जाड कापड असू दे.

पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटरचंही तू विचारलंस. चांगलं साधन आहे, भरण्याची कटकट नाही. पण त्यातली पुष्कळ यंत्रं फक्त श्वास आत घेताना झोत सोडतात. त्यावरचा ‘२’ म्हणजे मिनिटाला दोन लिटर नव्हे. वहिनींना ते पुरतं का, हे डॉक्टरांसमोर त्यांना चालवून, बोटाला ऑक्सिमीटर लावूनच कळेल. त्याआधी पैसे घालू नका.

आता आगीबद्दल. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्या वस्तूची आग भडकवतो. तेल आणि ग्रीस दाबाखालच्या ऑक्सिजनला भेटले की ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतात. पुढच्या चाकाच्या बेअरिंगला ग्रीस लावलंस तर हात साबणानं धुतल्याशिवाय व्हॉल्व्हला शिवू नकोस. नाक कोरडं पडलं म्हणून वहिनींना व्हॅसलीन लावू देऊ नकोस, पाण्यात विरघळणारं जेल मिळतं. ऑक्सिजन साडीत, शालीत मुरून राहतो, नळी बंद केल्यावरही थोडा वेळ. म्हणून निरांजन, कापूर, उदबत्ती यांपासून खुर्ची किमान दहा फूट लांब हवी. आरतीचं तबक त्यांच्यापुढे येऊ द्यायचं नाही. तू आरती घे आणि परत येऊन हात त्यांच्या डोळ्यांना लाव. त्यांना आधी वाईट वाटेल, पण समजावून सांगितलंस तर ऐकतील.

सिलिंडरला ड्रिल, वेल्डिंग, रंग यातलं काहीही करायचं नाही. भारतात सिलिंडरचे नियम इथल्या, नागपूरच्या पेसो या सरकारी संस्थेच्या अखत्यारीत येतात. ठरावीक मुदतीनं सिलिंडरची दाबाखाली चाचणी व्हावी लागते आणि तिची तारीख मानेपाशी ठोकलेली असते. ती वाचल्याशिवाय विक्रेत्याकडून सिलिंडर घेऊ नकोस. मे महिन्यात तो बंद मोटारीत ठेवून जाऊ नकोस, आणि उचलताना रेग्युलेटरला धरून उचलू नकोस.

अजून एक. सिलिंडर मागे असल्यानं वहिनींना त्याचा काटा दिसणार नाही. आर्मरेस्टला एक पाटी अडकव. निघाल्याची वेळ आणि परत फिरायची वेळ खडूनं लिहायची, तीही त्यांच्याच हातानं. किती वेळ बसायचं आणि केव्हा निघायचं, हे त्यांना कुणाला विचारावं लागू नये.

वाटी बसली की आधी रिकाम्या खुर्चीला सिलिंडर लावून ती चढावर उभी कर आणि हळूच मागे ढकलून बघ. मग तू स्वतः बस, कुणाला तरी उंबरठ्यावरून न्यायला सांग आणि उठून बघ. एवढं झाल्यावर खुर्चीसकट डॉक्टरांकडे जा. वहिनींना बसवायचं ते त्यानंतर. बदललेलं स्केच आधी मला पाठव. वहिनींना माझा नमस्कार सांग.

तुझे
नागपूरचे आजोबा