उपादान, निमित्त आणि बत्तीसशेची रॅम

कारंजा लाडला माझं संगणक विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे एक तक्रार वर्षभर येत राहते, आणि ती घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा आपण फसवले गेलो अशा समजुतीत असतो. मानोऱ्याकडचा एक फोटोग्राफर, लग्नाचे व्हिडिओ करणारा, कॅबिनेट काउंटरवर ठेवता ठेवताच म्हणाला, "भाऊ, खोक्यावर बत्तीसशे लिवलं हाये, अन् मशीन चोवीसशेच दाखोते. रॅम डुप्लिकेट देली का मले?"

रॅम अस्सल होती. खोक्यावरचा आकडा खरा होता. मशीन दाखवत होतं तेही खरंच होतं. तरीही त्याने ज्याचे पैसे मोजले ते त्याला मिळत नव्हतं. तांत्रिक अंगाने हा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो. पण मी दिगंबर जैन घरात वाढलो, आणि या प्रश्नामागचा जुना वाद मी मंदिरातल्या स्वाध्यायात लहानपणापासून ऐकत आलो आहे. एखाद्या कार्याचं श्रेय वस्तूच्या अंगच्या सामर्थ्याचं, की ते सामर्थ्य प्रकट होताना जवळ असलेल्या दुसऱ्या कशाचं? उपादानाचं की निमित्ताचं?

आधी रॅमचं सांगतो. रॅमच्या पट्टीवर मेमरीच्या मोठ्या चिपांखेरीज एक बारीक चिप असते. डीडीआर४ च्या पट्टीत तिची जागा अवघी ५१२ बाइट. त्यात पट्टीची ओळख लिहिलेली असते आणि मशीन सुरू होताच मदरबोर्ड ती वाचतो. ओळखीचे दोन भाग असतात. पहिला जेडेक या संस्थेने ठरवलेल्या मानकाप्रमाणे: १.२ व्होल्ट आणि २१३३, २४०० किंवा २६६६ अशी, साध्यातल्या साध्या बोर्डाला पेलणारी गती. दुसरा पट्टी बनवणाऱ्याने स्वतः तपासून भरलेला: ३२०० ची गती, १६ ची लेटन्सी (उत्तर यायला लागणारे ठोके), १.३५ व्होल्ट. या दुसऱ्या भागाला इंटेलने २००७ मध्ये एक्सएमपी हे नाव दिलं. एएमडीने डीडीआर५ साठी २०२२ मध्ये एक्सपो आणलं. (काही पट्ट्या जेडेकच्या मानकानेच ३२०० च्या असतात, त्यांना हे काही लागत नाही.) बोर्ड आपणहून पहिलाच भाग उचलतो. दुसरा घ्यायचा असेल तर कोणीतरी बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन तसं सांगावं लागतं. कोणी सांगितलं नाही, तर पट्टी शेवटपर्यंत चोवीसशेवर चालते आणि मशीन कुठेही अडत नाही, म्हणून कोणाला कळतही नाही.

बोर्डाच्या या सावधपणाला मी दोष देत नाही. पट्टी कुठल्या बोर्डात बसणार, शेजारी कुठला प्रोसेसर असणार, हे कारखान्यात माहीत नसतं. अनोळखी जागी पहिल्यांदा सगळ्यांना झेपेल अशाच गतीने उभं राहणं शहाणपणाचं आहे. दोष असलाच तर तो नंतरचा: मशीन उभं राहिल्यावर पुढचं कोणी विचारलंच नाही, याचा.

त्या फोटोग्राफरचं मशीन रायझन ५ ५६००जी प्रोसेसरचं होतं, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. अशा मशीनमध्ये चित्राचं कामही याच रॅमवर चालतं, त्यामुळे रॅमची गती तिथे फार जाणवते. २४०० वर एका चॅनलमधून सेकंदाला १९.२ जीबी जातात, ३२०० वर २५.६. मागितलेला पहिला शब्द हाती यायला १४ नॅनोसेकंदांच्या आसपास लागत होते, ते १० वर येतात. मी डिलीट की दाबून बायोस उघडलं, एक्सएमपीची ओळ निवडली, सेव्ह केलं. मशीन स्वतःच एकदोनदा बंद-चालू झालं, नव्या गतीला स्वतःला जुळवून घेतलं आणि ३२०० दाखवू लागलं.

आता यात मी काय केलं? पट्टीत गती घातली नाही. ३२०० ची क्षमता तिच्यात होती, १६ चा आकडाही तिनेच सांगितला होता. मी फक्त एक ओळ निवडली.

आमच्या स्वाध्यायात हा विषय निघाला की दोन बाजू पडतात. जी वस्तू स्वतः कार्यरूप होते ते उपादान. कार्य होताना जे अनुकूल म्हणून हजर असतं ते निमित्त. शास्त्रातला ठरलेला दाखला कुंभाराचा: घट मातीचाच होतो, कुंभार काही घट होत नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस आग्र्याच्या भैया भगवतीदासांनी उपादान आणि निमित्त यांचा संवादच रचला, आणि त्यात शेवटी निमित्ताला हार मानावी लागते. विसाव्या शतकात सोनगढच्या कानजीस्वामींनी हीच बाजू मोठ्या निष्ठेने मांडली: निमित्त उपादानात काहीही करत नाही. आमच्याकडचे एक काका याच मताचे. ते म्हणतात, "तू बायोसमध्ये गेलास हा तुझा विकल्प. रॅम चालली ती स्वतःच्या योग्यतेने."

निश्चयनयाने, म्हणजे वस्तूच्या मूळ स्वरूपाच्या दृष्टीने, काकांचं बरोबर आहे, आणि ते मी मनापासून मानतो. दुसऱ्याच्या आत्म्यात मी ज्ञान घातलं, असं म्हणणारा गुरू मला भीतिदायक वाटतो. चोवीसशेचीच क्षमता असलेल्या पट्टीला मी कितीही ओळी निवडल्या तरी ती बत्तीसशेची होणार नाही. पण काकांचं वाक्य मला तिथेच थांबू देत नाही, कारण याच शास्त्रात धर्मद्रव्यही सांगितलं आहे. इथे धर्म म्हणजे पुण्य नव्हे, तर गतीला साहाय्य करणारं द्रव्य. ते कोणाला ढकलत नाही. मासा पोहतो स्वतःच्या बळाने, पाणी त्याला चालवत नाही, पण पाण्यावाचून त्याचं पोहणं होत नाही. याला उदासीन निमित्त म्हणतात. काहीही न करणाऱ्या या साहाय्याला जैन आचार्यांनी सहा द्रव्यांत स्थान दिलं. निमित्त इतकं नगण्य असतं, तर विश्वाच्या मोजणीत ते आलंच नसतं.

रिसोडच्या एका क्लासमध्ये गेल्यावर हे मला अधिक स्पष्ट दिसलं. तिथे एच३१० चे बोर्ड आणि आय३-८१०० प्रोसेसर होते, आणि कोणीतरी हौसेने त्यांत ३२०० च्या चांगल्या पट्ट्या घातल्या होत्या. तो प्रोसेसर २४०० च्या वर मेमरी चालवत नाही आणि तो बोर्ड ती वाढवू देत नाही. बायोसमध्ये निवडायला ओळच नाही. त्यातली एक पट्टी काढून मी माझ्या दुकानातल्या मशीनला लावली, एक्सएमपी निवडताच ती ३२०० वर चालली. काकांचं यावर उत्तर असं, की त्या जागी ते कार्य होण्याचा काळ आला नव्हता, म्हणून निमित्त नव्हतं. हे उत्तर मला पटत नाही. त्यात बोर्ड निवडणारा माणूस सुटतो. पट्टीच्या बाजूने पाहिलं तर तिच्यात उणं काहीच नव्हतं.

उलट बाजूही पाहिली पाहिजे, नाहीतर निमित्ताचा गर्व चढतो. एका ग्राहकाकडे रायझन ५ २६०० होता. त्या प्रोसेसरची मेमरीची अधिकृत मर्यादा २९३३, आणि पट्टी ३६०० ची. थंडीच्या दिवसांत ती ३६०० वर चालल्यासारखी वाटत होती. मे महिन्यात, विदर्भातल्या उन्हात, पत्र्याखालच्या खोलीत मशीन अधूनमधून बंद पडू लागलं. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ लावल्यावर चुकांच्या लाल ओळी आल्या. रॅमची चूक ही वाईट चूक असते, कारण ती बोलत नाही. एखादा बिट उलटा होतो आणि तसाच फाइलमध्ये जाऊन बसतो. रॅममधली प्रत्येक पेशी आपला विद्युतभार गळू देते आणि ६४ मिलिसेकंदांच्या आत तिला तो पुन्हा भरून द्यावा लागतो. चिप ८५ अंशांच्या वर तापली तर ३२ च्या आत. अशा नाजूक वस्तूवर केवळ आकड्यासाठी जोर करणं ही हिंसेचीच एक जात आहे, असं मी मानतो. ती पट्टी आम्ही ३२०० वर आणली. खोक्यावरचा आकडा पट्टीपुरता खरा असतो. तो प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या वतीने बोलत नाही.

म्हणून क्षमतेबद्दल बोलताना "कोणत्या अपेक्षेने" हे जोडायची सवय आम्हाला स्वाध्यायात लावली गेली, तिचा दुकानातही उपयोग होतो. रॅमची गती दाखवणारं सीपीयू-झेड उघडून "सोळाशेच दाखोते" म्हणत येणारे पुष्कळ असतात. घड्याळाच्या अपेक्षेने १६००, एका ठोक्यात दोनदा माहिती जाते त्या अपेक्षेने ३२००. दोन्ही खरे.

हा विचार यंत्रांपुरता राहत नाही, याचं कारण आमचं गावच आहे. कारंज्यात सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ यांची जुनी मंदिरं आहेत आणि त्यांच्या भांडारांत हस्तलिखितं. पुष्पदंत हा दहाव्या शतकातला अपभ्रंशाचा महाकवी. राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात त्याने लिहिलं. त्याचं 'जसहरचरिउ' डॉ. प. ल. वैद्यांनी १९३१ मध्ये संपादित केलं, ते कारंजा जैन ग्रंथमालेत. 'णायकुमारचरिउ' १९३३ मध्ये डॉ. हिरालाल जैनांनी. हिरालालजी तेव्हा अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवत होते. पुढे १९३९ पासून धवला टीकेसह षट्खंडागमाचं प्रकाशन त्यांनीच अमरावतीहून सुरू केलं. त्याची ताडपत्रं मूडबिद्रीला शतकानुशतकं पूजेत होती, वाचनात नव्हती.

पोथी पूजेत असणं ही वाईट गोष्ट नाही. वाळवीपासून, पावसापासून तिला वाचवलं ते त्या पूजेनेच. पोथ्यांची ती सावध गती होती, आणि तिने काम केलं. पण अर्थ पोथीत पूर्ण असूनही चालत नव्हता. संपादकांनी पुष्पदंताच्या काव्यात स्वतःचं काव्य घातलं नाही. त्यांनी कुलूप उघडायला लावलं, पाठ ताडून पाहिले आणि छापले. ज्या विश्वस्तांनी कपाट उघडलं त्यांचाही यात वाटा आहे. एकानेही नकार दिला असता, तर उपादान तितकंच पूर्ण राहिलं असतं आणि मला आज तो कवी ठाऊक नसता.

इथे मला जे म्हणायचं आहे ते म्हणतो. उपादान आणि निमित्त ही दोन्ही उत्तरं खरी आहेत, पण कोणतं कोणाबद्दल वापरायचं याची एक मर्यादा आहे. उपादानाची भाषा स्वतःसाठी. मी मागे राहिलो, तर "मला संधी मिळाली नाही" असं मी स्वतःशी म्हणत बसू नये, माझं परिणमन, म्हणजे माझ्यात होणारा बदल, माझं आहे. निमित्ताची भाषा दुसऱ्यासाठी. समोरचा मागे राहिला, तर "त्याच्यात दमच नव्हता" हे म्हणायचा मला अधिकार नाही. त्याला काय मिळालं नाही आणि त्यातलं माझ्या हातात काय होतं, एवढंच मी पाहावं. आपण नेमकं उलटं करतो. स्वतःच्या अपयशाला निमित्त शोधतो आणि दुसऱ्याच्या अपयशाला त्याचं उपादान.

कोणी विचारेल, शास्त्रात अभव्य जीवही सांगितले आहेत, ज्यांना मोक्ष कधीच नाही, त्यांचं काय? आहेत. पण कोण अभव्य हे फक्त केवली, म्हणजे सर्वज्ञ, जाणतात, शाळेतले मास्तर आणि दुकानदार नव्हे. आपल्याला सिद्धांत एवढंच सांगतो, की प्रत्येक जीवाचा स्वभाव अनंत ज्ञान आहे आणि कमी दिसतं ते आवरणामुळे. जीव एकमेकांच्या उपकारासाठी आहेत, हे तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात आहे, आणि आमच्या जैन चिन्हाच्या खाली तेच लिहिलेलं असतं.

आमचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला आणि २०१८ मध्ये देशातल्या आकांक्षित, म्हणजे मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत गेला. पोहरादेवीजवळच्या तांड्यावरची किंवा मालेगावकडच्या खेड्यातली मुलं माझ्याकडे ऑनलाइन फॉर्म भरायला येतात. कॉलेज निवडायच्या रकान्यात ती बहुतेकदा सर्वांत जवळचं, सर्वांत सोपं नाव सांगतात. मार्क पाहिले तर पुढचं कॉलेज सहज मिळण्याजोगं असतं. दुसरी ओळ आहे हेच त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. मी सांगतो. घ्यायची की नाही ते त्यांनी ठरवायचं, आणि घरची परिस्थिती पाहून जवळचंच घेतलं तर त्यातही गैर काही नाही. पण न सांगता फॉर्म भरून पैसे घेणं मला चोरी वाटते.

माझ्या व्यवसायातल्या बंधूंना म्हणूनच विनंती आहे. मशीन जोडून दिलं की ग्राहकाने विचारायची वाट पाहू नका. विचारण्याजोगं काही आहे हे त्याला माहीतच नसतं. बायोस उघडा, प्रोफाइल लावा, दोन पट्ट्या असतील तर त्या योग्य खाचांत आहेत का पाहा, आणि रात्रभर मेमटेस्ट चालू ठेवा. चूक आली तर आकडा खाली आणा आणि ग्राहकाला तसं स्पष्ट सांगा. वाचकांनीही घरच्या मशीनवर टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरीची गती एकदा पाहावी आणि ती बिलावरच्या आकड्याशी ताडावी. कमी असेल तर दुकानदाराला जाऊन विचारा. याचे वेगळे पैसे लागत नाहीत.