सर्व्हिस संपली काय?

वाचन : योहान १३:१-१७



आम्हां इंदूरच्या मराठी ख्रिस्ती घरांतून ‘सर्व्हिस’ हा इंग्रजी शब्द सतत कानी पडतो. मुलगा सर्व्हिसला लागला, स्कूटर सर्व्हिसिंगला दिली, अमक्या हॉटेलातली सर्व्हिस चांगली, आणि रविवारी सकाळची सर्व्हिस! नोकरीत आपण पगारासाठी राबतो, गॅरेजात गाडी दुरुस्त होते, हॉटेलात आपण बसतो व दुसरा वाढतो. मग मंदिरात आपण यांतला कोणता अर्थ घेऊन जातो?

पुष्कळदा हॉटेलातलाच. उपदेश लांबला, गायन जमले नाही, पंखा बंद होता, असे बोलत आपण घरी परततो, जणू गिऱ्हाईकच.

शब्दाचे मूळ मात्र निराळे आहे. लॅटिन भाषेत ‘सर्वुस’ म्हणजे दास. त्यावरून हा शब्द आला. जखऱ्या याजकाच्या मंदिरातील सेवेला लूक ‘लितुर्गिया’ हा ग्रीक शब्द लावतो (लूक १:२३). यरुशलेमेतील गरजू पवित्र जनांसाठी जमविलेल्या वर्गणीलाही पौल तोच शब्द लावतो (२ करिंथ ९:१२). वेदी आणि गरिबाची भाकर यांच्यामध्ये त्याने भिंत घातली नाही.

१८८४ साली डॉ. एलिझाबेथ बीटी कॅनडाहून आमच्या इंदुरास आल्या व येथील आजारी स्त्रियांची शुश्रूषा करू लागल्या. ती सर्व्हिस दवाखान्यात चाले, तरी देवाचीच होती.

प्रभूने कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. पेत्राला ते सोसवेना. परंतु आधी प्रभूकडून सेवा घेतल्यावाचून त्याच्याबरोबर वाटा मिळत नाही. गिऱ्हाईक सेवा विकत घेतो आणि उठून जातो. शिष्याला ती फुकट मिळते, म्हणून तो दुसऱ्याच्या पायांशी बसू शकतो.

आपल्या मंडळीत मागच्या बाकावर बसणारी एखादी वृद्ध भगिनी दोन महिने दिसली नसेल. तिच्या घराचा जिना कोण चढले? संडेस्कूलच्या शिक्षकांनी मुलांची हजेरी अवश्य घ्यावी. पण गेल्या आठवड्यात कोणाच्या उपयोगी पडलात, हेही प्रेमाने विचारावे, आणि आधी स्वतः उत्तर द्यावे.

आशीर्वाद झाला, दारे बंद झाली, तरी तो जिना आपली वाट पाहत आहे. तो चढण्यास प्रभू आपणांस बळ देवो. आमेन.