मार आणि हास्य

दुसऱ्याच्या पाठींत गुद्दा बसला असतां आपणांस हंसूं यावें, हें सभ्य मनास शोभतें काय? हाँगकाँगचे मारामारीचे विनोदी प्रेमपट पाहतांना हा प्रश्न विचारी प्रेक्षकास पडल्यावांचून राहत नाहीं. घरांतील लहानथोर सारीं एकत्र बसून खदखदां हंसतात. परंतु ज्यास हंसतात तें कोणाच्या तरी हाडांवर बेतलेलें असतें.

आमच्या साहित्यशास्त्रांत भरतानें हास्याचा उगम शृंगारांत सांगितला आहे. पुढें साहित्यदर्पणकार विश्वनाथानें शृंगाराचा वीर व रौद्र या रसांशीं विरोध दाखविला. या चित्रपटांत मात्र हे विरोधी रस एकत्र नांदतात, आणि त्यांच्यामधील मध्यस्थी हास्य करितें, असें आम्हांस वाटतें. गर्वानें ताठलेला वीर प्रेयसीपुढें वाकूं शकत नाहीं. जो आधींच चार वेळां आपटला आहे, त्यास वाकण्याची लाज उरत नाहीं. स्टीफन चाऊ यांच्या २००१ सालच्या 'शाओलिन सॉकर' मधील नायिका ताई-ची विद्येनें कणीक मळून वाफेवरचे पाव करिते आणि अखेरच्या सामन्यांत मुंडन करून गोल राखावयास उभी राहते. तिच्याकडे पाहून हंसूं येतें, पण तिच्याविषयींचा आदर तिळभरही कमी होत नाहीं.

म्हणजे हंसण्याचा विषय वेदना नसून फजिती आहे, असें म्हणतां येईल. याची कसोटी चाऊ यांच्याच २००४ सालच्या 'कुंग फू हसल' मध्यें आहे. नायक लहानपणीं एका मुक्या मुलीस वाचवूं जातो व मार खातो. चांगुलपणा व्यर्थ आहे असें ठरवून तो मोठेपणीं गुंड होऊं पाहतो, आणि एके दिवशीं त्याच मुलीस लुबाडावयास जातो. ती जुन्या आठवणीची काडीवरची गोड गोळी पुढें करिते, तेव्हां सर्वांचें हास्य जागच्या जागीं थांबतें. बलवानाचा तोल गेला म्हणजे आपण हंसतों. दुर्बळावर हात पडला म्हणजे हंसूं शकत नाहीं. हें मन निष्ठुर नव्हे.

तरीही एक शंका उरते. जॅकी चान १९८३ सालच्या 'प्रोजेक्ट ए' मध्यें घड्याळाच्या मनोऱ्यावरून कापडी छतें फाडीत खरोखर खालीं पडले, आणि १९८६ सालच्या 'आर्मर ऑफ गॉड' च्या चित्रणाच्या वेळीं तत्कालीन युगोस्लाव्हियांत झाडावरून पडून त्यांची कवटी फुटली. त्यांच्या अनेक चित्रपटांच्या शेवटीं फसलेल्या उड्या व झालेल्या दुखापती दाखविण्याची प्रथा आहे. तेथें पात्राची फजिती संपते आणि माणसाची वेदना सुरू होते. तीं दृश्यें पाहून पुष्कळांस कौतुक वाटतें, आम्हांसही वाटतें. नटानें धोका राजीखुषीनें पत्करला, हेंही खरें. परंतु पुढच्या खेळांत याहून उंच उडी हवी, अशी इच्छा मनांत उठली कीं त्या धोक्यांत आपलाही वांटा पडतो. निर्दोष हास्य आणि निष्ठुर हास्य यांमधील सीमा आम्हांस येथेंच दिसते. मिळालेल्या उडीवर मनसोक्त हंसावें. तिच्याहून उंच उडी मागूं नये.