तिला कोणी सांगितलं?



दसरा-दिवाळी आली की केज तालुक्यातल्या युसूफ वडगावच्या परिसरातून माणसं ऊसतोडीला निघतात. कोयता नवरा-बायकोच्या जोडीनं चालतो. मागे लेक एकटी कशी ठेवायची? मग कायदा मोडून अठराच्या आतच तिचं लग्न उरकलं जातं. मग तीही नवऱ्याबरोबर तोडीला जाते आणि फडावरच तिला दिवस जातात. घरातले पथ्य सांगतात, डोहाळे विचारतात. पण पुढचं मूल लांबवता येतं, हे तिला कोणी सांगितलं?

र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, ते १९२१ साली. आज आशाताईंकडे गोळ्या आहेत, निरोध आहेत. सरकारी दवाखान्यात तीन महिने पुरणारं अंतरा इंजेक्शन आहे. बाळंतपणानंतर लगेच बसवता येणारी तांबी आहे. साधनं दारापर्यंत आली. पण तिला कोणी सांगितलं?

आपली लाज चुकीच्या जागी बसली आहे. कोवळ्या अंगावर बाळंतपण येतं, त्याची लाज वाटत नाही. त्याबद्दल बोलायची मात्र वाटते.

मावशी, आशाताई आल्या की सुनेला आत पाठवू नका. शेजारी बसवा. दादा, तुम्हीही बसा. आणि बाळंतपणाची वाट न पाहता, पोटुशी असतानाच तिला सगळं विचारू द्या.