निष्ठेचे अधिष्ठान

कोलकात्यात फुटबॉलचा संघ सहसा निवडला जात नाही. तो वारशाने येतो. मराठी घरात कुलदैवत जसे कोणी गुणदोष पारखून पसंत केलेले नसते, तसाच तेथील मुलाला वडिलांकडून, आजोबांकडून एक रंग मिळतो. मोहन बागानचा हिरवा-मरून, ईस्ट बंगालचा लाल-सोनेरी किंवा महमेडन स्पोर्टिंगचा काळा-पांढरा. पुढे आयुष्यात मते बदलतात, पक्ष बदलतात, क्वचित श्रद्धाही बदलतात. हा रंग मात्र बहुधा बदलत नाही. जी गोष्ट विचारपूर्वक स्वीकारलेली नाही, तिच्यावरील निष्ठेला काही नैतिक मूल्य असू शकते काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. खेळापुरता तो क्षुल्लक वाटेल. पण भाषा, प्रांत, धर्म आणि देश यांच्यावरील बहुतेक निष्ठाही अशाच जन्माबरोबर आलेल्या असतात. त्यामुळे या शहराच्या मैदानावर जे घडले, त्याकडे केवळ करमणुकीचा इतिहास म्हणून पाहता येत नाही.

मोहन बागानची स्थापना 1889 साली उत्तर कोलकात्यात झाली. 29 जुलै 1911 रोजी या संघाने आय.एफ.ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा 2-1 असा पराभव केला. शिवदास भादुरी आणि अभिलाष घोष यांनी गोल केले. अकरांपैकी एकाचा अपवाद सोडता सारे अनवाणी खेळले होते. ज्या राज्यकर्त्यांनी हा खेळ आणला, त्यांच्या सैनिकांना त्यांच्याच नियमांनी हरवणे ही घटना खेळापुरती राहणे शक्यच नव्हते. 1920 साली जोडाबागान संघाने शैलेश बोस या खेळाडूला मोहन बागानविरुद्धच्या सामन्यातून वगळले. या अन्यायाने व्यथित झालेले सुरेशचंद्र चौधुरी त्या संघातून बाहेर पडले आणि 1 ऑगस्ट रोजी ईस्ट बंगालचा जन्म झाला. कोलकाता लीगमध्ये हे दोन संघ 28 मे 1925 रोजी प्रथम समोरासमोर आले, आणि ईस्ट बंगालने तो सामना 1-0 असा जिंकला.

1947 च्या फाळणीने या नावाला वेगळाच अर्थ दिला. पद्मेच्या पलीकडचे गाव, घर आणि शेत सोडून आलेल्या निर्वासितांच्या दृष्टीने नकाशावरून नाहीशा झालेल्या प्रदेशाचे नाव या शहरात एका संघाने जिवंत ठेवले होते. पश्चिमेकडील मूळ रहिवासी ‘घोटी’ आणि पूर्वेकडून आलेले ‘बांगाल’ हा बोलीतला, स्वयंपाकातला आणि थट्टेतला भेद मैदानावर उतरला. ईस्ट बंगाल जिंकला की इलिश आणि मोहन बागान जिंकला की मोठी कोळंबी, हा संकेत बाजारापर्यंत पोहोचला. छावणीत आणि वसाहतीत अपमान सोसणाऱ्या माणसाला आठवड्यातील नव्वद मिनिटे तरी बरोबरीच्या नात्याने उभे राहता येत होते. त्याच्या निष्ठेला केवळ खेळाचे वेड म्हणणे अन्यायाचे ठरेल.

तथापि या निष्ठेचे अधिष्ठान नेमके कोणते, हे पाहू गेल्यास वस्तुस्थिती गुंतागुंतीची दिसते. मोहन बागानचा अभेद्य बचावपटू, ज्याला लोक ‘चीनची भिंत’ म्हणत, तो गोष्ठ पाल पूर्व बंगालमधील फरिदपूर जिल्ह्याचा. उलट निर्वासितांना ज्यांनी अभिमानाचे दिवस दाखविले, ते ईस्ट बंगालच्या आघाडीचे ‘पंचपांडव’, म्हणजे व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह, हे पाचही दक्षिण भारतातून आलेले. त्यांपैकी कोणीही फाळणीत पद्मेकाठचे घर गमावले नव्हते. 1980 साली याच संघात आलेला मजिद बास्कर तर इराणी होता. प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी 1975 मध्ये ईस्ट बंगालला विजय मिळवून देतात आणि पुढच्याच वर्षी मोहन बागानकडे जातात. तात्पर्य, ज्या भूमीच्या किंवा रक्ताच्या नावाने निष्ठा सांगितली जाते, ती भूमी आणि ते रक्त मैदानावरील अकरा जणांत शोधून सापडत नाही.

‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजाला विचारतो की, चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, दांडी म्हणजे रथ काय. आणि प्रत्येक प्रश्नाला नकारच मिळतो. संघाविषयीही हेच विचारता येईल. खेळाडू म्हणजे संघ नव्हे, कारण ते बदलतात. प्रशिक्षक आणि पदाधिकारीही नव्हेत. मालक म्हणावे, तर 1998 साली एकाच मद्यउद्योगसमूहाने या दोन्ही प्रतिस्पर्धी संघांत भागीदारी घेतली आणि दोघांच्याही नावांना आपल्या उत्पादनांची नावे जोडली. तरीही त्यांच्यातील स्पर्धा तसूभरही कमी झाली नाही. 2020 साली मोहन बागानच्या नावाआधी दुसऱ्या एका संघाची ‘एटीके’ ही अक्षरे आली. पाठीराख्यांनी ती स्वीकारली नाहीत. संघ जिंकत असतानाही त्यांचा निषेध चालू राहिला, आणि 2023 मध्ये ती अक्षरे गेली. यशापेक्षा नाव महत्त्वाचे मानणारी ही वृत्ती व्यवहाराच्या हिशेबात बसत नाही. तिच्यावरून एवढे निश्चित दिसते की, संघाचे सातत्य राखणारे लोक मैदानात नसतात; ते भोवती बसलेले असतात. संघ म्हणजे त्यांनी एकत्र जपलेली आठवण. ती जपणारे नसतील, तर तंबू आणि चषक उरतील, संघ उरणार नाही.

या निष्ठेवर एक गंभीर आक्षेप संभवतो. भारतीय साहित्यविचाराने रसिकाचे जे वर्णन केले आहे, त्यात साधारणीकरणाला मोठे स्थान आहे. नाटक पाहणारा सहृदय ‘हे माझे’ आणि ‘हे दुसऱ्याचे’ या भेदापलीकडे जातो, म्हणूनच त्याला शोकाचाही आस्वाद घेता येतो. फुटबॉलचा पाठीराखा नेमके याच्या उलट वागतो. प्रतिपक्षाचा सुंदर गोल त्याला सुंदर दिसत नाही आणि स्वपक्षाचा पराभव हा करुण रस न होता खराखुरा शोक होतो. या शोकाची किंमत शहराने मोजलेली आहे. 30 सप्टेंबर 1975 रोजी शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानला 5-0 असे हरविले, आणि त्या पराभवानंतर एका तरुण पाठीराख्याने स्वतःचे आयुष्य संपविले. 16 ऑगस्ट 1980 रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या लीग सामन्यात प्रेक्षकांत हाणामारी उसळली आणि चेंगराचेंगरीत 16 जणांचा बळी गेला. खेळ पाहण्यास घरून निघालेली ती माणसे होती. कोणत्याही तत्त्वासाठी त्यांनी प्राण दिले नव्हते, आणि त्यांच्या मृत्यूला हौतात्म्याचे नाव देणे हा त्यांच्याशी केलेला दुसरा अन्याय होईल.

महमेडन स्पोर्टिंगचा इतिहास या आक्षेपाला आणखी एक बाजू देतो. 1934 साली कोलकाता लीग जिंकणारा तो पहिला भारतीय संघ ठरला आणि 1938 पर्यंत सलग पाच वर्षे त्याने ते अजिंक्यपद राखले. इंग्रज पलटणींची मक्तेदारी मोडणारा हा पराक्रम 1911 च्या विजयाहून कमी प्रतीचा नव्हता. पण 1911 चा विजय राष्ट्राचा मानला गेला आणि 1934 चा विजय पुष्कळांनी एका समाजाचा मानला. एकाच प्रकारच्या यशाला दोन मापे लावली गेली, याचे कारण मैदानावर नव्हते. येथे निष्ठेचा खरा दोष दिसतो. स्वतःच्या संघावरील प्रेमात तो नसतो. दुसऱ्याचे प्रेम आपल्या प्रेमाइतकेच खरे आहे, हे नाकारण्यात तो असतो.

मग निष्ठेचा त्याग करून निःपक्ष रसिक व्हावे, हा उपाय ठरतो काय? तो मोहक असला तरी अपुरा आहे. 13 जुलै 1997 रोजी फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यासाठी सॉल्ट लेकच्या मैदानावर 1,31,000 हून अधिक लोक जमले होते. भायचुंग भुतियाच्या तीन गोलांच्या बळावर ईस्ट बंगालने तो सामना 4-1 असा जिंकला. केवळ उत्तम खेळाचा आस्वाद घेऊ पाहणारी एवढी माणसे कोणत्याही शहरात मिळणार नाहीत. निःपक्ष प्रेक्षक चांगल्या सामन्याला येतो आणि वाईट दिवसांत घरी राहतो. हरणाऱ्या संघामागे उभा राहतो तो पक्षपातीच. शिवाय या पक्षपाताला एक अट आपोआप जडलेली असते, ती अशी की, प्रतिपक्षाशिवाय सामना होत नाही. मोहन बागान नाहीसा झाला, तर ईस्ट बंगालच्या पाठीराख्याची निम्मी स्मृती निरर्थक होईल. युद्धात शत्रूचा नाश हा हेतू असतो. खेळात प्रतिस्पर्ध्याने पुढच्या वर्षी पुन्हा यावे, हे गृहीत असते. ही अट ज्याला उमगली, त्याची निष्ठा नैतिक होण्यास वाव राहतो. ज्याला ती उमगली नाही, त्याच्या हातून 1980 घडते.

ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्यातील एका रुग्णालयात तरुण महिला डॉक्टरवर बलात्कार करून तिची हत्या करण्यात आली. शहर क्षुब्ध झाले. 18 ऑगस्टला होणारा मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा ड्युरँड चषकाचा सामना सुरक्षेचे कारण देऊन रद्द करण्यात आला. सामना नव्हता, तरी पाठीराखे मैदानाबाहेर आले. हिरवा-मरून आणि लाल-सोनेरी रंग एकत्र उभे राहिले, महमेडनचे पाठीराखेही त्यांत मिळाले, आणि सर्वांनी मिळून न्यायाची मागणी केली. त्यासाठी कोणी आपला रंग उतरवून ठेवला नव्हता. शंभर वर्षे परस्परांविरुद्ध घोषणा देता देता हे लोक एकमेकांना ओळखू लागले होते, आणि ती ओळख त्या दिवशी कामी आली. एका दिवसाने जुने वैर संपले असे मानण्याचे कारण नाही. ते संपावे अशी कोणाची इच्छाही नाही.

1980 च्या त्या 16 मृतांच्या स्मरणार्थ 16 ऑगस्ट हा दिवस कोलकात्यात फुटबॉलप्रेमींचा दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी रक्तदान होते. देणारा कोणत्या संघाचा, आणि ते रक्त कोणत्या संघाच्या माणसाला मिळणार, याची नोंद तेथे ठेवली जात नाही.