तक्त्यात नसलेला रकाना

जुन्या व्हिडिओ गेम यंत्रांची तुलना करणं हा माझा सुट्टीतला विरंगुळा. एक्सेल उघडायचं, डावीकडे यंत्रांची नावं, वर रकाने: प्रोसेसर, मेमरी, पडदा, रंग. आकडे भरले की कोण सरस ते आपोआप कळेल, असा इंजिनिअरचा भाबडा विश्वास.

पहिल्याच रकान्यात तो डळमळला. टीव्हीला जोडायचा निन्टेन्डोचा फॅमिकॉम १९८३ चा. त्याचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा. त्याच कंपनीचा, हातात धरून खेळायचा गेम बॉय १९८९ चा, त्याचा ४.१९ चा. म्हणजे खिशातलं यंत्र दुपटीहून वेगवान? तसं नाही. गेम बॉयचा प्रोसेसर कामाचं सर्वांत लहान पाऊल टाकायला घड्याळाचे चार ठोके घेतो, फॅमिकॉमचा एकच. मेमरीचीही तीच गत. गेम बॉयकडे ८ किलोबाइट, फॅमिकॉमकडे २. तरी मोठं आणि रंगीत चित्र फॅमिकॉमचंच, कारण चित्रांचा साठा तो कॅसेटमधून थेट वाचू शकतो. आकडे खरे होते, पण मला वाटत होतं ते मोजत नव्हते.

ही चूक माहिती वाढवून दुरुस्त होते. पुढची तशी नव्हती. सेगाचा गेम गिअर १९९० चा. पडद्यामागे दिवा, एका वेळी ३२ रंग. गेम बॉयच्या पडद्याला दिवा नाही, हिरवट रंगाच्या चारच छटा आणि चित्र वेगानं हललं की पुसट. ठिपके दोघांचेही १६० बाय १४४. माझ्या तक्त्यात गेम गिअर सहज जिंकला. पण तो सहा पेन्सिल सेल तीन ते पाच तासांत संपवतो. गेम बॉय चार सेलवर पंधरा तासांच्या आसपास चालतो. सेलचा रकाना मी केलाच नव्हता. तक्ता सुरू केला होता घरच्या यंत्रांपासून, आणि जिथे वीज भिंतीतून येते तिथे ती खर्चात धरायचं कुणाला सुचत नाही.

मला तरी सुचायला हवं होतं. माझं लहानपण लोडशेडिंगमधलं. आमच्याकडे फॅमिकॉमची नक्कल असलेला टीव्ही गेम होता. वीज गेली की तो नुसता डबा. मग मामेभावाचा ब्रिक गेम बाहेर यायचा. काळे चौकोन, किरकिरा आवाज, पण सेलवर चालणारा. ओसरीवर त्याच्यासाठी नंबर लागायचे. कुठला गेम चांगला, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर आम्ही आधी विचारलं असतं, "लाइट आहे का?"

हे सगळं छंदापुरतंच राहिलं असतं. पण यंदा टीममधल्या दोघांचं मूल्यमापन माझ्याकडे आलं. तिथेही तक्ताच: किती कामं संपवली, किती दिवसांत. एकीचा आकडा दुसऱ्याच्या निम्मा. तिच्या वडिलांचं डायलिसिस सुरू होतं. आठवड्यातून तीनदा तीच त्यांना नेत होती, एवढं कानावर होतं. त्याला रकाना नव्हता. मी आकडे भरून फॉर्म पाठवला. एकही आकडा खोटा नव्हता, तरी आपण खोटी साक्ष दिली असं वाटत राहिलं.

मग काय, सहानुभूतीनं गुण वाढवायचे? ते मला पटत नाही. सेल जास्त टिकतात म्हणून गेम बॉयचा पडदा उजळ ठरत नाही. शिवाय त्याची मर्यादा ठरवून घेतलेली होती. तो घडवणाऱ्या गुनपेई योकोई यांचं तत्त्वच होतं की स्वस्त, मुरलेलं तंत्र नव्या जागी वापरायचं. माझ्या सहकारिणीनं काहीच निवडलं नव्हतं. लादलेल्या मर्यादेला 'जिद्द' म्हणून टाळ्या वाजवणं हा अपमानाचाच सभ्य प्रकार.

माझ्यापुरतं उत्तर एवढंच: आकडा बदलू नये, पण तो किती सेलवर आला ते शेजारी लिहावं. जो रकाने ठरवतो, तो कुणाचा खर्च दिसेल आणि कुणाचा नाही हेही ठरवत असतो. ते काम 'वस्तुनिष्ठ' म्हणून अंगावरून झटकता येत नाही.

दोन दिवसांनी मी तिला सांगितलं, काय भरलं आणि काय भरलं नाही. ती रागावली नाही. म्हणाली, "तू विचारलंच नव्हतंस."

फॉर्ममध्ये रकाना वाढवायचा अधिकार मला नव्हता, हे खरं. विचारायला मात्र कुणाची परवानगी लागत नव्हती.