मार्गदानाचा धर्म आणि मानिक चौक

झाशीच्या जुन्या शहरात, किल्ल्याखालच्या वस्तीत, राणी महालाच्या परिसरातील मानिक चौकात पायी चालणारे, सायकलस्वार, ई-रिक्षातून उतरणारे प्रवासी, हातगाडीवाले आणि मोटारी एकाच जागेवर येऊन मिळतात. आणि दोघे एकाच वेळी त्या जागेपाशी पोहोचले असता थांबावे कोणी, हा प्रश्न तेथे अखंड उभा राहतो. हा प्रश्न वाहतूक-अभियांत्रिकीचा आहेच, परंतु त्याआधी तो धर्माचा आहे. येथे धर्म म्हणजे उपासनापद्धती नव्हे, तर परस्परांशी वागण्याचे बंधन. कारण थांबणारा माणूस त्या क्षणी दुसऱ्याच्या जिवाचे मोल मान्य करीत असतो.

चार वाटा मिळतात ती जागा भारतीय परंपरेने कधीच साधी मानलेली नाही. साकमेध यज्ञातील त्र्यंबकहोमाची आहुती चव्हाट्यावर द्यावी, कारण ते रुद्राचे आवडते स्थान आहे, असे शतपथ ब्राह्मण सांगते. मनुस्मृतीत चौक उजव्या हाताला ठेवून पुढे जाण्याचा नियम आहे. कोकणात तिठ्यावर उतारा टाकण्याची चाल याच भावनेशी नाते सांगते. या समजुतींचे रूप काहीही असो, चौकात पाऊल टाकताना माणसाने सावध आणि विनम्र असावे, ही जाणीव त्यांच्या मुळाशी दिसते.

मार्गदान, म्हणजे समोरून येणाऱ्यासाठी बाजूला होऊन वाट मोकळी करून देणे, याचा विचार महाभारतात दोन प्रसंगी विशेष ठळकपणे येतो. आदिपर्वात शिकारीहून परतणारा कल्माषपाद राजा अरुंद वाटेवर वसिष्ठपुत्र शक्तीला बाजूला होण्यास सांगतो, शक्ती नकार देतो, राजा त्याला चाबकाने मारतो आणि शक्तीच्या शापाने नरभक्षक बनतो. वनपर्वात याच्या उलट घडते: जनकाच्या यज्ञाला निघालेला बाल अष्टावक्र वाटेत भेटलेल्या राजालाच ऐकवतो की वाट आंधळ्याची, बहिऱ्याची, स्त्रीची, ओझे वाहणाऱ्याची आणि राजाची असते, मात्र ब्राह्मण समोर आला तर ती त्याचीच, आणि राजा वाट सोडतो. या यादीत दोन वेगळी मापे एकत्र मिसळलेली आहेत. आंधळा आणि भारवाहक यांना वाट मिळते ती त्यांना बाजूला होणे कठीण असते म्हणून, तर राजा आणि ब्राह्मण यांना ती प्रतिष्ठेमुळे मिळते. मनुस्मृती तर वाहनात बसलेल्याला अग्रक्रम देते. पण चाकोरीतून चाललेला गाडा चटकन वळवता येत नाही हे ध्यानात घेतले, तर तेथेही अडचणीचेच माप लावलेले असावे असे म्हणता येते. तसे असेल तर ब्रेक दाबून थांबवता येणाऱ्या आजच्या मोटारीला त्या अग्रक्रमावर हक्क सांगता येत नाही, आणि तो काठी टेकत रस्ता ओलांडणाऱ्या वृद्धाकडे जातो.

प्रतिष्ठेच्या मापाने किती क्रौर्य घडवले याची साक्ष मराठी इतिहासातच आहे. पेशवाईत सावलीचा विटाळ होईल म्हणून अस्पृश्यांना सार्वजनिक रस्त्यांवर मज्जाव केला जात असे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिभेद निर्मूलन’ या प्रबंधात नोंदवले. पुढे संविधानाच्या १५व्या अनुच्छेदाने विहिरी, तलाव आणि घाट यांच्या जोडीने रस्त्यांचाही नाव घेऊन उल्लेख केला आणि तेथे धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही अटकाव होणार नाही असे ठरवले. जन्माचे माप अशा रीतीने कायद्यातून गेले. परंतु त्याची जागा वाहनाच्या आकाराने आणि वेगाने घेतली, हे कोणत्याही गजबजलेल्या चौकात दिसते. २०२२ साली भारतात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली आणि त्यांतील ३२,८२५ पादचारी होती.

अशा मृत्यूंना ‘काळ आला होता’ असे म्हणण्याची सवय कर्मविचाराचा आधार घेते, पण ती त्या विचारावर अन्याय करते, कारण कर्मसिद्धान्त कर्त्याला जबाबदार धरतो, त्याची सुटका करीत नाही. तरीही सुटकेची एक वाट जुन्या ग्रंथांत सापडते: ‘बाजूला हो’ असे ओरडून सांगितलेल्या सारथ्याला मनुस्मृती दंडातून सूट देते. हॉर्न वाजवला म्हणजे कर्तव्य संपले, ही आजची समजूत त्याहून वेगळी नाही, आणि ती सोडलीच पाहिजे. बहिऱ्याला हॉर्न ऐकू येत नाही आणि लहान मुलाला त्याचा अर्थ कळत नाही.

म्हणून इशाऱ्यावर विसंबणे पुरत नाही, रस्त्याची रचनाच बदलावी लागते. स्वीडनच्या संसदेने १९९७ साली ‘शून्य मृत्यू’चे जे धोरण स्वीकारले, त्याचे तत्त्व असे की माणूस चुकणारच हे गृहीत धरून त्या चुकीची शिक्षा मृत्यू ठरणार नाही असा रस्ता बांधावा, आणि ही जबाबदारी वापरणाऱ्याइतकीच बांधणाऱ्याचीही मानावी. गतिज ऊर्जा, म्हणजे हलत्या वस्तूत गतीमुळे असलेली ऊर्जा, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ताशी ५० किलोमीटर वेगाच्या धडकेत ताशी ३० किलोमीटरच्या धडकेपेक्षा पावणेतीन पटींहून अधिक ऊर्जा असते. मानिक चौकासारख्या ठिकाणी याचा अर्थ असा होतो की ओलांडण्याची जागा पदपथाच्या उंचीला आणावी, म्हणजे पादचाऱ्याला खाली उतरावे लागत नाही आणि वाहनालाच चढावे लागते; कोपरे आवळावेत, म्हणजे वळताना वेग आपोआप घटेल; आणि ई-रिक्षांचा थांबा कोपऱ्यापासून थोडा दूर, पण चालत पोहोचण्याइतका जवळ ठेवावा. वेग घटला तर धंदा बसेल ही व्यापाऱ्यांची भीती समजण्याजोगी आहे, मात्र दुकानाच्या पायरीवर चढणारे गिऱ्हाईक शेवटी पायीच येते.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पदपथाचा हक्क अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्कात मोडतो असे स्पष्ट केल्यावर हा विषय केवळ सौजन्याचा उरलेला नाही. मग जाब कोणाकडे मागायचा? ओरडणाऱ्या सारथ्याला सूट देणाऱ्या मनुस्मृतीच्या त्याच प्रकरणात आणखी एक नियम आहे, आणि तो आज सुटकेच्या नियमाहून अधिक उपयोगी आहे: सारथी अकुशल असल्यामुळे गाडी भरकटून हानी झाली, तर दंड गाडीच्या मालकाने भरावा. चालकाच्या हातून होणाऱ्या चुकीचा जाब तिला वाव देणाऱ्याकडेही मागायचा, हे त्यामागचे तत्त्व चौकाला लावले, तर ज्या संस्थेच्या ताब्यात चौकाची आखणी, दिवे आणि फरशा आहेत, ती संस्था तेथील प्रत्येक अपघातात मालकाच्या जागी उभी राहते.